अमेरिकेतल्या एका बाईचं माहेर शोधताना (विहीणबाईंची वही, मेफ्लॉवर आणि दोन आज्या)

मंदाकिनी
नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, पण मला खरोखर मदत हवी आहे.

मुलगा मॅसॅच्युसेट्समध्ये असतो, सून तिथलीच. वर्षातले पाच-सहा महिने मी त्यांच्याकडे असते. सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, ७८ वर्षांच्या आहेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांनी त्यांच्या आजीच्या हातची एक वही जपून ठेवली आहे. शाई तपकिरी पडली आहे आणि कडांचे तुकडे पडतात, म्हणून वही उघडताना खाली पांढरा पंचा अंथरतो. पहिल्या पानावर लिहिलंय की आपण जॉन हाउलंडचे वंशज, हाउलंड १६२० साली इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला उतरला, आणि त्याची बायको एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी. पुढे पिढ्यांची नावं आहेत, पण मधलं एक पान गळालं आहे.

नातवाने (वय ९) दोन्ही आज्यांना समोर बसवून विचारलं, "हे खरं आहे का?" तेव्हापासून आम्ही दोघी शोधतोय. आमच्यापासून मागे १८५० पर्यंत सगळं नीट लागलं. हाउलंडपासून खाली पाच पिढ्या मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने पुराव्यानिशी छापलेल्या आहेत, ते खंड इथल्या वाचनालयात मिळाले. अडलंय मध्ये. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात राहणारी एक बाई आहे. १८५० च्या जनगणनेत वय ४८, जन्म व्हरमाँट. नवऱ्याचं आडनाव आहे, मुलांची नावं आहेत. तिचं माहेर मात्र कुठेच नाही. वहीप्रमाणे हाउलंडचं रक्त तिच्याकडूनच आलंय.

तिचं माहेर कसं शोधायचं?

खारेपाटणकर
ताई, वाचून गलबललं. आमच्या कुलवृत्तांतात चौदा पिढ्या आहेत. मुलगे सगळे नावानिशी. मुलींपुढे "कन्या २, विवाहित" एवढंच. माझ्या पणजीच्या आईचं नाव घरात आज कोणालाही सांगता येत नाही. लेकीचं माहेर पुसलं जाणं दोन्हीकडे सारखंच दिसतंय.

प्राध्यापक
मंदाताई, आधी वहीतली एक चूक दुरुस्त करा, नाहीतर ती पुढच्या पिढीत जाईल. एलिझाबेथ कार्व्हरची मुलगी नव्हती. ती जॉन टिली यांची मुलगी.

ही चूक तुमच्या विहीणबाईंच्या आजीची नाही. हाउलंड जहाजावर आला तो जॉन कार्व्हरच्या घरचा नोकर म्हणून. कार्व्हर वसाहतीचा पहिला गव्हर्नर, तो १६२१ च्या वसंतात वारला. त्यावरून पुढच्या पिढ्यांत समज रुजला की हाउलंडने मालकाच्याच मुलीशी लग्न केलं. प्लिमथच्या टेकडीवरच्या दफनभूमीत १८३६ साली वंशजांनी दगड उभारला, त्यावरही तेच कोरलं.

खरं काय ते गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डच्या हस्तलिखितात होतं. पण हे हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनहून नाहीसं झालं होतं. १८५५ मध्ये ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथसंग्रहात असल्याचं उघड झालं, १८५६ मध्ये छापून आलं आणि १८९७ मध्ये मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. त्याच्या शेवटी ब्रॅडफर्डने जहाजावरच्या माणसांची यादी दिली आहे आणि तीस वर्षांनी कोणाचं काय झालं तेही लिहिलंय. हाउलंडबद्दल तो लिहितो की त्याने जॉन टिलीच्या एलिझाबेथशी लग्न केलं, दोघेही हयात आहेत, दहा मुलं आहेत आणि दहाही जिवंत आहेत. ब्रॅडफर्डने ही माणसं रोज डोळ्यांसमोर पाहिली होती. दगड कोरणारे दोनशे वर्षांनंतरचे. पुढे तो दगड बदलावा लागला.

मंदाकिनी
प्राध्यापक सर, दोनदा वाचलं. आता हे विहीणबाईंना सांगायचं कसं, याच विचारात आहे. कार्व्हर हे नाव त्या फार अभिमानाने घेतात.

अवंती
टिली म्हटलं तर अभिमान कमी का व्हावा? एलिझाबेथ जहाजात चढली तेव्हा तेरा वर्षांची होती. १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले. तिचे आई-वडील दोघेही त्यात गेले, बरोबर आलेले काका-काकूही गेले. परक्या किनाऱ्यावर, बर्फात, ही पोर एकटी उरली. पुढे तिने दहा मुलं वाढवली आणि ऐंशीच्या घरात, १६८७ साली, मुलीच्या घरी डोळे मिटले. मला तर गव्हर्नरच्या मुलीपेक्षा हीच पूर्वज हवीशी वाटेल.

आणि नातवाला हाउलंड समुद्रात पडला ती गोष्ट सांगितलीत का? वादळात तो डेकवर आला, जहाज कलंडलं आणि तो थेट पाण्यात. शिडाचा एक दोर बाहेर लोंबकळत होता, तो हाती लागला. कित्येक हात खोल पाण्याखाली गेला तरी दोर सोडला नाही. त्याच दोराने वर ओढला आणि आकडीने जहाजात घेतला. हेही ब्रॅडफर्डनेच लिहून ठेवलंय. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट (फ्रँकलिन), दोन्ही बुश आणि लेखक एमर्सन, सगळे त्याचे वंशज.

शिल्पा_एनजे
एवढा कागदांचा त्रास कशाला? डीएनए चाचणी करा. नळीत थुंकायचं, महिनाभरात निकाल. माझ्या नवऱ्याला मेफ्लॉवरवाले शंभरएक चुलत नातेवाईक दाखवले.

जनुकवाचक
शिल्पाताई, माझं रोजचं काम हेच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. दर पिढीला पूर्वजाचा वाटा सरासरी निम्मा होतो. बारा पिढ्या मागे गेलं की ४०९६ पूर्वज होतात आणि त्यातल्या अनेकांचा एक तुकडाही आपल्या अंगात उरलेला नसतो. शंभर जुळण्या दिसतात कारण त्या लोकांनी आपापल्या वंशवृक्षात मेफ्लॉवरचं नाव घातलेलं असतं. त्यांचं-तुमचं रक्त कदाचित १८२० च्या एखाद्या शेतकऱ्यामुळे जुळत असेल.

पण मंदाताईंच्या कामात चाचणीचा उपयोग आहे. ती बाई विहीणबाईंपासून चार-पाच पिढ्यांवर आहे. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची चाचणी करा, म्हणजे विहीणबाईंचीच, नातवाची नको. आणि जुळणाऱ्या लोकांत व्हरमाँटची कोणती आडनावं पुन्हा पुन्हा येतात ते टिपा. त्यातून दिशा कळेल. पुरावा मात्र कागदच.

शिल्पा_एनजे
हे माहीत नव्हतं. पटलं.

ओहायोकर
मी बारा वर्षं हेच करतोय, बायकोच्या घराण्यासाठी. मूळ प्रश्नाकडे येतो.

आधी समजून घ्या की नोंद का नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये गावागावाचे जन्म-लग्न-मृत्यू सतराव्या शतकापासून लिहिले गेले आणि राज्याची नोंदणी १८४१ ला सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यात नीट नोंदणी व्हायला १८८० उजाडलं. म्हणजे तुमची बाई नोंदींच्या गावातून बिननोंदीच्या गावात गेली. व्हरमाँटहून पश्चिमेकडे जाणारी रांग १८१६ नंतर फारच वाढली. त्या वर्षी उन्हाळाच आला नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्यामुळे व्हरमाँटकडे जून महिन्यात बर्फ पडून पिकं गेली.

जनगणनेचं म्हणाल तर ती १७९० ला सुरू झाली, पण १८४० पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीचे आकड्यांत: "१६ ते २६ वयाच्या स्त्रिया: २". १८५० ला पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव आलं आणि कुटुंबप्रमुखाशी नातं काय हे तर १८८० पासून. त्यामुळे १८५० च्या मागे जनगणनेत फार डोकं घालू नका.

जमिनीकडे जा. आपल्याकडे बाप गेला की सातबाऱ्यावर वारसनोंद होते, फेरफार निघतो, आणि भावाच्या नावे जमीन करायची तर बहिणींच्या सह्या लागतात. घरात कोणी विचारत नसेल त्या लेकीचं नावही हक्कसोडपत्रावर येतंच. तिथेही अगदी तसंच. बाप मृत्युपत्र न करता गेला की सगळी मुलं-मुली मिळून एका भावाला हक्क लिहून देतात, आणि त्यात बहुधा लिहिलेलं असतं: अमुक आणि त्याची पत्नी अमुक, मयताची मुलगी. नवऱ्याचं नाव तुमच्याकडे आहे. जिल्ह्याच्या दस्तांत विकणाऱ्यांच्या सूचीत त्याचं नाव शोधा. व्हरमाँटमध्ये दस्त गावाच्या कारकुनाकडे असतात, जिल्ह्याकडे नव्हे, हे विसरू नका. तिथे बरेच जण अडकतात.

मोडीवाचक
ओहायोकर, हक्कसोडपत्राचं फारच नेमकं सांगितलंत. पेशवाईतले कागद वाचताना मलाही बायका वतनाच्या तंट्यांतच भेटतात.

मंदाताई, तारखांना जपा. हाउलंडच्या मृत्यूचं साल १६७२/३ असं तिरपी रेघ देऊन लिहिलेलं दिसेल, ती छपाईची चूक नाही. इंग्रजांचं कायदेशीर वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून २३ फेब्रुवारी त्यांच्या लेखी १६७२ मध्येच, आपल्या लेखी १६७३. १७५२ ला वर्षारंभ बदलला आणि सप्टेंबरातले ११ दिवस गाळले. जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म मूळ नोंदीत ११ फेब्रुवारी १७३१, आज पाळतात २२ फेब्रुवारी १७३२. महाराजांची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या पंचांगाचीच. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी मिती आहे. नव्या गणनेने तो १ मार्च येतो. हाउलंड गेला त्याच्या पुढच्या वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

अक्षरातही एक खोच आहे. शब्दामधला "एस" लांबट असतो, "एफ"सारखा. आडनाव वाचताना हमखास चुकतं.

गोंयकार
नोंदी हव्यात तर त्या ठेवणारं कोणीतरी लागतं. आमच्या गोव्यात चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न, मरण सगळं मिळतं, बाईचे आई-वडीलही. प्युरिटन मंडळी (प्लिमथला आलेले हे कडवे प्रोटेस्टंट) लग्नाला धार्मिक विधी मानत नसत, प्लिमथमध्ये लग्न न्यायदंडाधिकारी लावायचा. त्यामुळे तिथे चर्चपेक्षा गावाचं दप्तर आधी बघायचं.

अवांतर: आपल्या बाजूचा माणूसही तिथे लवकर पोचला होता. व्हर्जिनियात माणूस आणला की आणणाऱ्याला ५० एकर जमीन मिळायची. १६३५ च्या जॉर्ज मेनिफीच्या जमीनपट्ट्यात अशा आणलेल्या माणसांच्या यादीत "टोनी, ईस्ट इंडियन" आहे. नाव बदललेलं, गाव नाही, आई-बाप नाहीत. कोणाच्या तरी ५० एकरांचा हिशोब म्हणून तेवढा उरला.

नीलिमा_आर
टोनीचं वाचून राहवलं नाही. माझा जावई कृष्णवर्णीय, घराणं व्हर्जिनियाचं. आम्ही त्याची बाजू शोधायला बसलो आणि १८७० ला धडकलो. गुलामीतून सुटलेल्या लोकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० ला. १८५० आणि १८६० ला त्यांची वेगळी यादी आहे: मालकाचं नाव, खाली "स्त्री, २४", "मुलगा, ६". नाव नाही. त्यापलीकडे जायचं तर मालकाच्या मृत्युपत्रात आणि जिंदगीच्या यादीत शोधायचं, बैल आणि नांगराच्या शेजारी. मी वाचनालयात त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. आम्हाला वाट मिळाली ती गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेत (१८६५ ते १८७४). खातं उघडताना तिथे आई-वडील, भावंडं विचारून लिहीत.

आणि मंदाताई, राग मानू नका, पण प्लिमथ जिथे वसलं ते वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचं पटुक्सेट गाव. मेफ्लॉवर येण्याआधीच्या काही वर्षांत साथीने ते ओस पडलं होतं. १६२१ ला त्यांच्या प्रमुखाने, मॅसासॉइटने, मेफ्लॉवरच्या लोकांशी तह केला. त्याच्या मुलाने, मेटाकॉमने, १६७५ ला युद्ध पुकारलं. तो मारला गेल्यावर वसाहतीने त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाला गुलाम म्हणून विकलं. नातवाला जहाजाची गोष्ट सांगाल तेव्हा हीसुद्धा सांगा.

मंदाकिनी
नीलिमा, राग कसला. नऊ वर्षांचा वाचून हात थांबला. सांगेन त्याला.

राजू_पेण
एवढ्या गंभीर धाग्यात थोडं वेगळं: त्या लोकांच्या गाई-गुरांच्या नोंदी मिळतात का? दुधाचा धंदा आहे आमचा, म्हणून विचारतोय.

प्राध्यापक
मिळतात, आणि फार सुंदर मिळतात. १६२७ पर्यंत वसाहतीची गुरं सामाईक होती. त्या वर्षी वाटणी केली: बारा गट, प्रत्येकी तेरा माणसं. प्रत्येक गटातल्या प्रत्येकाचं नाव लिहिलंय, बायका-पोरांसकट. त्यामुळे ही गुरांची वाटणीच आज त्या गावाची पहिली शिरगणती म्हणून वापरतात. चौथा गट हाउलंडचा. त्यात एलिझाबेथ आहे, मुलगी डिझायर आहे, धाकटा जॉन आहे. आणि वाट्याला आली "जेकब" जहाजातून आलेल्या चार कालवडींपैकी एक, तिचं नाव रॅगहॉर्न.

राजू_पेण
कालवडीचं नाव चारशे वर्षं टिकलं! आमच्या गोठ्यात तांबू, चांदी, हरणी आहेत. आजच वहीत लिहून ठेवतो.

खारेपाटणकर
माझ्या खापरपणजीचं नाव नाही आणि रॅगहॉर्नचं आहे. वाटणी झाली म्हणून लिहिलं गेलं. पुन्हा ओहायोकरांचाच मुद्दा: जिथे मालमत्तेचा प्रश्न, तिथे शाई.

अवंती
एक राहिलं. बाईचा सासरा किंवा बाप क्रांतियुद्धात लढला असेल तर निवृत्तिवेतनाच्या फायली बघा. १८३२ च्या कायद्याने म्हाताऱ्या सैनिकांना आणि १८३६ पासून विधवांनाही पैसे मिळू लागले. लग्नाचा दाखला नसे, म्हणून कित्येक विधवांनी घरच्या बायबलमधलं जन्म-लग्नाचं पान फाडून अर्जाला जोडलं. ती पानं अजून फायलीत आहेत.

ओहायोकर
+१. आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर मजकुरातून शोधायची सोय २०२४ पासून आली आहे. हस्तलिखित दस्त आणि प्रोबेटचे (मयताच्या मालमत्तेच्या निवाड्याचे) कागद यंत्राने वाचलेले असतात, त्यामुळे सूचीत नसलेलं नावही सापडतं. फुकट आहे. नवऱ्याचं पूर्ण नाव आणि "हेअर्स" (वारस) हा शब्द घालून बघा. आडनावाची स्पेलिंग पाच-सहा प्रकारे करून बघायची.

मंदाकिनी
(सात आठवड्यांनंतर)

मंडळी, माहेर सापडलं.

ओहायोकरांनी सांगितल्याप्रमाणे नवऱ्याचं नाव आणि वारस असं घालून शोधत होतो. रोज दुपारी जेवणं झाली की विहीणबाई त्यांचं भिंग घेऊन येत. पहिले अनेक दिवस नुसती त्याच आडनावाची भलतीच माणसं. मोडीवाचकांचा लांबट "एस" आठवला आणि आडनावात "एस"च्या जागी "एफ" घातला. तिसऱ्या पानावर ती होती.

१८३० च्या दशकातलं हक्कसोडपत्र, व्हरमाँटच्या एका गावच्या जमिनीचं. सात भावंडं आठव्याला हक्क लिहून देतात. चार मुलगे, तीन मुली, प्रत्येक मुलीचं नाव नवऱ्यासह, आणि पुढे "वरील मयताची कन्या". आमच्या बाईचं राहतं गाव न्यूयॉर्कमधलं दिलंय, तेच गाव १८५० च्या जनगणनेत आहे. खाली अधिकाऱ्याने लिहिलंय की या स्त्रीला नवऱ्यापासून वेगळं बोलावून विचारलं आणि तिने कोणाच्या धाकाशिवाय मान्य केलं. दस्तांच्या वहीत तिची निशाणी उतरवून घेतली आहे, दोन तिरप्या रेघा, फुली. डाव्या-उजव्या बाजूला कारकुनाने तिचं नाव आणि आडनाव लिहिलंय.

बापाचं आडनाव हाउलंड नाही. पण त्या छापील खंडांत पाचव्या पिढीतली एक मुलगी याच आडनावाच्या घरात दिलेली आहे आणि तिच्या मुलांत या बापाचं नाव आहे. तोच हा माणूस की त्याच नावाचा दुसरा, हे अजून सिद्ध करायचंय. त्या गावच्या कारकुनाला पत्र लिहिलंय आणि प्रोबेटची फाइल मागवली आहे. तोवर मी "नक्की" म्हणणार नाही.

कार्व्हरचंही सांगितलं एकदाचं. विहीणबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, आजीची शाई मी खोडणार नाही. पेन्सिल घेतली आणि कार्व्हरच्या शेजारी बारीक अक्षरात "टिली" लिहिलं, त्याखाली तारीख.

आणि गळालेल्या पानाच्या जागी आम्ही नवा कागद घातलाय. त्यावर बाईचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव. आईच्या माहेरची जागा कोरी ठेवली आहे.

खारेपाटणकर
ताई, तुमचं वाचून काल तालुक्याला गेलो होतो. पणजोबांच्या जमिनीचे जुने फेरफार मागवलेत. सोमवारी बोलावलंय.

ओहायोकर
मंदाताई, अभिनंदन. आईचं माहेर शोधायला त्याच गावचे दस्त, वीस-तीस वर्षं मागे. प्रोबेटची फाइल आली की इथे टाका, अक्षर लावायला आम्ही आहोत.

राजू_पेण
नातवाला रॅगहॉर्न आवडली का?

मंदाकिनी
कागदावर तिचंही नाव लिहिलंय त्याने. चौथ्या गटाच्या खाली, शिंगांसकट चित्र काढून.